ऋणाची श्रीमंती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी या व्याख्यानमालेत बोलण्याचा आग्रह केला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विद्वानांची भाषणे झाली आहेत. मी बी.ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेला आणि गेली तीस वर्षे लेखापरीक्षणाच्या फायली चाळीत बसलेला माणूस. दुसऱ्यांच्या हिशेबातील चुका काढणे हा माझा पोटाचा व्यवसाय. असा मनुष्य समारंभाला बोलवावा तो जेवणाच्या पंगतीला, बोलण्यासाठी नव्हे, असे मी म्हणालो. त्यावर कार्यवाह हसून म्हणाले, "मग हिशेबावरच बोला." त्यांचा शब्द प्रमाण मानून मी आज एक हिशेबच आपल्यापुढे मांडणार आहे. आपणांस काय मिळाले, कोणाकडून मिळाले, आणि ते आपण कोणत्या रकान्यात लिहिले, एवढाच त्याचा विषय.

समृद्धी कशाला म्हणावे? नुसत्या रकमेने तिचे मोजमाप होत नाही, हे माझ्या पेशात फार लवकर कळते. कोट्यवधींची उलाढाल असूनही सदैव तंगीत वावरणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि महिनाअखेर हातात काही उरत नसतानाही ज्यांच्या घरात पाऊल टाकताच सुबत्तेचा भास व्हावा अशीही पाहिली आहेत. हा फरक कोठून येतो? माझ्यापुरते उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. ते भिलाईच्या दसऱ्यात सापडले.

माझे वडील १९६०च्या सुमारास भंडारा जिल्ह्यातून येथे आले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोविएत रशियाशी करार झाला होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे, म्हणजे आपल्या बोलीतील ब्लास्ट फर्नेसचे, उद्घाटन झाले होते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे भिलाईच्या स्थानकावर उतरत होती. वडील मॅट्रिक झालेले. त्यांना टाइम ऑफिसात कारकुनी मिळाली, परंतु राहण्यास जागा मिळेना. ऐन पावसाळ्यात एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन ते जवळच्या गावात एका शेतकऱ्याच्या ओसरीवर जाऊन उभे राहिले. त्या गृहस्थांनी नाव विचारले, गाव विचारले, आणि आत जाऊन काशाच्या वाडग्यात बासी आणून पुढे ठेवली. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खातात ती छत्तीसगढची बासी. वडील चार महिने त्या ओसरीवर राहिले. भाडे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, की ओसरी भाड्याने देण्यासाठी बांधलेली नसते.

पुढे वडिलांना सेक्टरमध्ये क्वार्टर मिळाले, संसार उभा राहिला, आम्ही भावंडे झालो. दर विजयादशमीला वडील आम्हांला घेऊन सोने वाटायला निघत. बहुतेक घरांतून पहिला मान वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बंगल्याचा असे. आमची पायपीट मात्र प्रथम त्या गावाकडे होई. आपट्याची पाने त्या वृद्ध गृहस्थांच्या हातात देऊन वडील वाकून नमस्कार करीत. आम्ही त्यांना बबा म्हणत असू. छत्तीसगढातही दसऱ्याला सोनपत्ती देण्याची चाल आहे. तेही आपली पाने आमच्या हातात ठेवीत. परतताना वडील नेहमी खुशीत असत. एकदा मी म्हणालो, "बाबा, पाने दिली आणि पानेच घेऊन आलो. मिळाले काय?" ते म्हणाले, "आपले देणे फिटलेले नाही, हे पुन्हा एकदा बघून आलो." लहानपणी मला हे उत्तर फारच विचित्र वाटले. देणे न फिटल्याचा कोणाला आनंद होतो काय?

दसऱ्याच्या सोन्याची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. वरतंतूंचा शिष्य कौत्स. विद्या पुरी झाल्यावर गुरुदक्षिणा काय देऊ, असे त्याने विचारले. गुरूंनी, तुझी सेवाच मला पुरेशी आहे, असे सांगूनही त्याने हट्ट सोडला नाही, तेव्हा त्यांनी रागावून चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी मोहरा मागितल्या. कौत्स रघुराजाकडे आला; परंतु विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेल्या राजापाशी अतिथीच्या पूजेसाठी मातीच्या पात्राखेरीज काही उरले नव्हते. याचक रिकाम्या हाताने परत जाऊ नये म्हणून रघू कुबेरावरच चालून जाण्यास सिद्ध झाला, आणि त्या रात्री सोन्याचा वर्षाव झाला. कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात हा प्रसंग रंगविला आहे. आपल्या लोककथेने त्या वर्षावाला आपट्याच्या झाडाची जोड दिली. राजा म्हणतो, सगळे सोने तुझे. शिष्य म्हणतो, चौदा कोटींहून एकही मोहर अधिक मला नको. लोककथेप्रमाणे उरलेले सोने मग लोकांनी लुटले.

या कथेत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सोन्याचा एवढा ढीग पडलेला असताना त्यावर हक्क सांगणारा एकही मनुष्य तेथे नव्हता. एकाला आपल्या गुरूचे देणे फेडायचे होते, दुसऱ्याला अतिथीचे. दोघेही स्वतःला देणेकरी समजत होते, आणि म्हणूनच ते सोने साऱ्या अयोध्येला पुरले. दोघेही स्वतःला येणेकरी समजले असते, तर तेवढेच सोने त्या दोघांनाही अपुरे पडले असते.

आता आपल्या मराठी भाषेकडे पाहा. उपकार जाणणाऱ्याला आपण ऋणी म्हणतो आणि सावकाराचे पैसे थकलेल्यालाही ऋणीच म्हणतो. कृतज्ञ याचा अर्थ केलेले जाणणारा. त्यात आनंदाने गदगदून जाण्याची अट नाही. जाणण्याची अट आहे. म्हणजे कृतज्ञता ही भावना होण्यापूर्वी एक नोंद असते. आमच्या खात्यात ताळेबंद तपासताना सर्वांत मोठा दोष कोणता मानतात? मालमत्ता फुगवून दाखविणे आणि देणी लपविणे. "मी जे काही उभे केले ते सर्वस्वी माझ्या कष्टाने," असे एखादा गृहस्थ म्हणतो, तेव्हा माझ्यातील लेखापरीक्षक अस्वस्थ होतो. हा ताळेबंद खोटा आहे. यात देण्यांची बाजूच लिहिलेली नाही.

आणि खोट्या ताळेबंदाचा पहिला फटका मालकालाच बसतो. हे मी स्वानुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी माझी बढती हुकली. माझ्या मते ती मला मिळावयास हवी होती. आजही माझे मत तेच आहे. परंतु त्यानंतर वर्षभर मी जे केले ते शहाणपणाचे नव्हते. बरोबरीच्या प्रत्येक माणसाचा पगार, त्याचे घर, त्याच्या मुलांची प्रगती यांची मी मनातल्या मनात माझ्याशी तुलना करीत बसलो. घरात कशाचीही वाण नव्हती, तरी मला आपण लुबाडले गेलो असे वाटे. सौभाग्यवतींनी एक दिवस मला शांतपणे विचारले, "घेणेकऱ्यांची यादी झाली असेल तर देणेकऱ्यांची कधी करता?" मी रागानेच कागद घेऊन बसलो. पहिले नाव लिहिले ते त्या बबांचे. आणि मग ती यादी संपेना.

हा केवळ माझ्यासारख्या भाबड्या माणसाचा अनुभव नव्हे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यासंबंधीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आपले एकूण जीवन अधिक चांगले वाटू लागले. दोन्ही गटांच्या परिस्थितीत प्रयोगाने काही फरक केला नव्हता. फरक पडला तो नोंदीने. पुढील अभ्यासांत हा परिणाम माफकच ठरला, हेही सांगितले पाहिजे. वही लिहिल्याने दुःख नाहीसे होत नाही. परंतु जे जवळ असूनही दिसत नव्हते ते दिसू लागते, आणि माझ्या मते समृद्धीची जाणीव तेथूनच सुरू होते.

मित्रहो, येथपर्यंतचे बोलणे गोड आहे. आता थोडे कडू बोलतो.

कृतज्ञतेचा उपदेश बहुधा चुकीच्या माणसाला केला जातो. रोजंदारीवरील मजुराला आपण सांगतो, "काम मिळाले यात समाधान मान." घरकाम करणाऱ्या बाईला सांगतो, "जुनी साडी दिली, विसरू नकोस." ही कृतज्ञता नव्हे, ही वसुली आहे. कृतज्ञता ही ज्याने घेतले त्याने स्वतः जाणावयाची वस्तू आहे. ज्याने दिले त्याने ती मागितली की तिचे व्याज होते. आणि ज्याला त्याचे हक्काचेच मिळालेले नाही, त्याला आधी त्याचा हक्क द्यावा; कृतज्ञतेची गोष्ट त्यानंतर. म्हणून हा विषय मला इतर कोणाला ऐकवायचा नाही. तो आपणांस, म्हणजे भिलाईने ज्यांना भरभरून दिले त्या मध्यमवर्गीयांना, ऐकवायचा आहे.

आपल्या समृद्धीचा ताळेबंद नीट लिहून पाहू. या कारखान्याचे लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून आले, चुनखडी नंदिनीहून आली, पाणी तांदुळ्याच्या कालव्यातून आले. भारतीय रेल्वे ज्या रुळांवरून धावते त्यांत भिलाईचा वाटा फार मोठा, याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. परंतु जेथे कारखाना व वसाहत उभी राहिली तेथे पूर्वी गावे होती, भाताची शेते होती. त्यांचा मोबदला दिला गेला असेल. पण ज्या बांधावर आजोबा बसत त्या बांधाची किंमत कोणत्या तक्त्यात लिहिणार? वडिलांना ओसरी देणाऱ्या बबांचीही बरीचशी जमीन गेली होती. ज्या कारखान्यासाठी त्यांची शेते गेली, त्याच कारखान्याच्या कारकुनाला त्यांनी आपल्या ओसरीवर झोपू दिले होते. हे मला वडिलांनी सांगितले तेव्हा मी कॉलेजात होतो.

याच भूमीतील एका मराठी माणसाची येथे आठवण होते. पं. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ सालचा, दमोह जिल्ह्यातील पथरिया येथला. घरची भाषा मराठी. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले आणि पुढे दासबोध व लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत नेले. ज्या प्रदेशात वाढलो त्याच्या भाषेचे देणे त्यांनी असे फेडले. त्यांच्या मासिकात १९०१ साली 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा आली. तिची गणना हिंदीतील अगदी पहिल्या कथांत होते. एक जमीनदार एका विधवेची झोपडी कायद्याच्या बळावर बळकावतो. ती परत येते आणि चुलीसाठी टोपलीभर माती तेवढी मागते. टोपली भरल्यावर ती त्यालाच हात लावण्याची विनंती करते, आणि त्याला ती उचलत नाही. टोपलीभर माती उचलत नाही, तर येथील हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहणार, असे ती विचारते. जमीनदाराचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत करतो. भिलाईत घर असलेल्या प्रत्येकाने ही कथा वाचावी असे मला वाटते. आपण काही जमीनदार नाही, कोणाची झोपडी आपण बळकावलेली नाही; तरी आपल्या अंगणातील माती कोणाची होती, हे आपल्याला ठाऊक असावे.

नुसते ठाऊक असणे पुरेसे आहे काय? येथे पुन्हा बबांच्या घराकडे वळतो. वडील गेले त्यालाही आता बारा वर्षे झाली. त्यानंतर नोकरीतील बदल्यांचे निमित्त सांगून मी त्या घरी जाणे सोडले. भिलाईला परत आलो तरी गेलो नाही. मग एका दसऱ्याला त्या घरातील नातू सोनपत्ती घेऊन माझ्या दारात उभा राहिला. मी खजील झालो. म्हणालो, "अरे, यायचे आम्ही, ऋण आमच्यावर आहे." तो आश्चर्याने म्हणाला, "कका, आमच्या घरात तर नेहमी सांगतात की ऋण आमच्यावर आहे." मला काही कळेना. मग त्याने सांगितले, की जमिनीच्या मोबदल्याचे अर्ज लिहिणारे गावात कोणी नव्हते, तेव्हा ओसरीवरचा हा मराठी कारकून रात्री कंदिलाच्या उजेडात साऱ्या गावाचे अर्ज लिहून देत असे. वडिलांनी हे आम्हांला कधीही सांगितले नव्हते. बबांनी ओसरीचा उल्लेख त्यांच्या नातवंडांपाशी कधी केला नव्हता. दोन्ही घरांच्या वहीत फक्त घेतलेलेच लिहिले होते, दिलेले नव्हते. देणे न फिटल्याचा वडिलांना आनंद का होई, ते त्या दिवशी मला उमगले.

परंतु माझी गोष्ट येथे संपली असती तर मी ती सांगितली नसती. तो मुलगा ठेकेदाराकडे कामाला आहे. चहा पिताना त्याने संकोचाने सांगितले, की भविष्य निर्वाह निधीची रक्कम त्याच्या मजुरीतून कापली जाते, पण कित्येक महिने ती खात्यावर जमाच झालेली नाही. माझा मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे. याचे आजोबा आणि माझे वडील एका ओसरीवर राहिलेले. एका ताळेबंदाची ही दोन पाने माझ्यापुढे उघडी होती. सोन्याची पाने देऊन त्याला निरोप देणे मला लाजिरवाणे वाटले. माझ्या खात्याचा त्या प्रकरणाशी काही संबंध नव्हता, त्यामुळे नियमभंगाचीही धास्ती नव्हती. मी कागद पुढे ओढला आणि त्याचा अर्ज लिहून दिला. त्याच्याबरोबरच्या आणखी सहा जणांचे लिहिले. उत्तरे आली, त्रुटी निघाल्या, पुन्हा लिहिले. रक्कम खात्यावर पडायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत माझी हुकलेली बढती मला आठवली नाही, हे मला फार उशिरा लक्षात आले.

कृतज्ञतेला असे हातपाय फुटले तरच ती खरी. महाराष्ट्रात १९८०च्या दशकात याचा एक सुंदर प्रयोग झाला. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर प्रभृतींच्या पुढाकाराने सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग नामवंत नटनट्यांनी या निधीसाठी केले, आणि त्यातून समाजासाठी पूर्णवेळ राबणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची सोय झाली. या निधीचे नाव दया निधी नव्हे, मदत निधी नव्हे, कृतज्ञता निधी. आपण देत नाही, घेतलेले परत करीत आहोत, असे त्या एका शब्दाने सांगितले.

आणि लांब कशाला जा? दल्ली-राजहऱ्याच्या खाण कामगारांनी १९७७च्या गोळीबारात मृत्यू पावलेल्या आपल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ १९८३ साली शहीद रुग्णालय उभे केले. ज्यांच्या हातचे खनिज आपल्या भट्ट्यांत वितळले, त्यांनी गेलेल्यांचे ऋण जिवंत माणसांच्या औषधपाण्यात फेडले. पौष पौर्णिमेला नवे भात घरात आले की येथील खेड्यांतून मुले छेरछेरा मागत दारोदार फिरतात, आणि कितीही गरीब घर असो, ओंजळभर धान त्यांच्या झोळीत पडते. त्या दिवशी मागणारा लहान ठरत नाही, देणारा मोठा ठरत नाही. पीक आले ते एकट्याचे नव्हे, एवढे सर्वांना आठवते.

आपले मंडळ आज पन्नास वर्षांचे झाले. आपण गणेशोत्सव केले, नाटके केली, हळदीकुंकू केले, वाचनालय चालविले. वार्षिक अहवालात देणगीदारांची नावे आपण छापतो, ते योग्यच आहे. परंतु ज्या छत्तीसगढी कारागिरांनी आपले मांडव घातले, ज्यांनी मूर्ती घडविल्या, ज्या बायांनी पंगती उठल्यावर भांडी घासली, त्यांच्यासाठी त्या अहवालात एक पान नाही. माझी नम्र सूचना एवढीच, की सुवर्णमहोत्सवी वर्षापासून जमा-खर्चाबरोबर ऋणांचेही एक पान छापावे. आणि मंडळात लिहिता-वाचता येणारी एवढी निवृत्त मंडळी आहेत, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ बसून, ज्यांना अर्ज लिहिता येत नाहीत त्यांचे अर्ज लिहून द्यावेत. यासाठी इमारत नको, निधी नको. एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक लेखणी पुरेल. पहिल्या संध्याकाळी मी येतो.

श्रीमंत कोण, याचे माझे उत्तर साधे आहे. ज्याला आपल्या देणेकऱ्यांची नव्हे, तर ज्यांचे आपण देणे लागतो त्यांची नावे तोंडपाठ आहेत, तो श्रीमंत. आपण सर्वांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतलेत. माझ्या यादीत आज आणखी काही नावांची भर पडली. ते ऋण शिरावर घेऊन मी आपली रजा घेतो.